उपास कुणी धरायचा?

सवहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. सावित्रीला पाणी चढलं की आमच्याकडे कुणी ना कुणी उपास धरतंच. म्हणून आज उपासाबद्दलच.

आपल्या रायगडातले बेने इस्राएल तुम्हाला ठाऊक असतील. ज्यू धर्माचे, पण बोली मराठी. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा त्यांचा उपास आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराला येतो. त्याला ते म्हणत बिरड्याचा सण. आपलं वालाचं बिरडं, तेच!

संकटात गावाने उपास कसा करायचा, याचे नियम त्यांच्या मिश्ना या ग्रंथात सुमारे 1800 वर्षांपासून आहेत. पाऊस लांबला तर आधी जाणत्यांनी तीन उपास धरायचे, सोमवार, गुरुवार, पुन्हा सोमवार. तरी नाही आला तर सगळ्या गावाने, टप्प्याटप्प्याने तेरा. प्रार्थना सांगायला उभा कोण राहणार? वयस्क, पोरंबाळं असलेला आणि घरात दाणा नसलेला. त्याचं मागणं पोटातून येतं ना! आपल्याकडे माइक कुणाच्या हातात असतो, ते तुम्ही जाणताच.

एका गावावर आपत्ती आली तर भोवतालच्या गावांनीही उपास धरायचा. 22 जुलै 2021 ला तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली, इकडे महाड पाण्यात. तेव्हापासून हा नियम आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

शनिवारी त्यांच्यात कामाला हात लावत नाहीत. पण नदीने गाव वेढलं तर त्या दिवशीही हाकाटी करायची. रब्बी योसे म्हणतात, ती हाक माणसांच्या मदतीसाठी.

आणि बायांनो, हे नीट ऐका. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आणि लहान मुलं यांना या उपासांतून सूट आहे. बाराव्या शतकातल्या मैमोनिदीस या पंडितांनी तसं स्पष्ट लिहून ठेवलंय. उपासाचं फळ त्या दिवशी केलेल्या दानात, असंही त्यांचे जुने जाणते सांगत.

आमच्या गटात दोघी गरोदर आहेत. त्यांचे श्रावणी सोमवार यंदा बाकीच्या धरतील. त्या दिवशी वाचलेले तांदूळ गटाच्या डब्यात टाकायचे. डबा उंचावर ठेवलाय, माळ्यावर, पाणी पोचणार नाही तिथे.