290 किलोमीटरची मर्यादा

मुंबईच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीला गोदरेजची वसाहत लागते. कपाटं आणि कुलपं म्हणून घरोघरी माहीत असलेलं हे नाव; पण इथे ‘ब्रह्मोस’ क्षेपणास्त्राच्या सांगाड्याचे भागही तयार होतात. 1998 साली भारत आणि रशियानं ते मिळून बनवण्याचा करार केला, 12 जून 2001 रोजी पहिली चाचणी झाली. तेव्हाचा जाहीर पल्ला 290 किलोमीटर. पुरते 300 का नाहीत?

कारण 1987 सालचं आहे. 500 किलो वजन 300 किलोमीटर नेऊ शकणारं क्षेपणास्त्र किंवा त्याचं तंत्र इतरांना द्यायचं नाही, असं अमेरिकेसह सात श्रीमंत देशांनी तेव्हा ठरवलं. साध्या अणुबॉम्बचं वजन तेवढं धरलं होतं. शीतयुद्ध संपल्यावर, 1995 साली, रशियाही त्या गटात गेला. कालचे वैरी इतरांना अडवण्यात मात्र एक झाले! भारताला जून 2016 मध्ये सदस्यत्व मिळालं आणि मार्च 2017 मध्ये ब्रह्मोसची चाचणी 400 किलोमीटरच्या पलीकडे गेली. अडसर कारागिरीचा नव्हताच.

तरीही सगळं शस्त्रनियंत्रण म्हणजे बड्यांचा कावा, हे मला पटत नाही. त्याच 1987 च्या डिसेंबरात अमेरिकेचे रेगन आणि सोव्हिएत संघाचे गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला आणि 1991 पर्यंत दोन्ही देशांनी मिळून 2,692 क्षेपणास्त्रं नष्ट केली. त्याहून मोलाची गोष्ट पुढची. रशियातल्या व्होटकिन्स्कच्या कारखान्याच्या दारात अमेरिकी तपासनीस मुक्कामाला राहिले, तर अमेरिकेत यूटामधल्या मॅग्नाला सोव्हिएत तपासनीस. कुठला डबा बाहेर पडतो, हे शत्रूचा माणूस डोळ्यांनी पाहत होता. सेनापतींना अंदाजानं बेत आखावे लागत नव्हते. माहिती नसली की समोरच्याकडे असेल नसेल ते सगळं धरूनच शस्त्रं मागितली जातात, आणि पलीकडेही तेच चालतं.

तो करार 2 ऑगस्ट 2019 रोजी संपला. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या ‘न्यू स्टार्ट’ करारानं दोघांना तैनात अण्वस्त्रांची मर्यादा प्रत्येकी 1,550 घातली होती. त्याखालच्या प्रत्यक्ष तपासण्या मार्च 2020 मध्ये साथीमुळे थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. नव्या वाटाघाटींत आकड्यांच्याही आधी या तपासण्या मागायला हव्यात, आणि भारतानं जगाच्या व्यासपीठावर तसं ठणकावून म्हणावं.