माडाच्या शेंड्यावरचें काम

बाणवली जातीचा माड पुरा वाढला म्हणजे ६०-७० फूट उंच होतो. त्याला मध्यें कोठेंहि फांदी नसते. हात टाकावयास आधार मिळतो तो थेट शेंड्याशीं. वर्षांतून सहा ते आठ वेळां नारळ पाडण्यासाठीं कोणास तरी या उघड्या खांबावरून वर जावें लागतें. आणि माडी काढणारा भंडारी किंवा गोमंतकांतला रेंदेर तर आपल्या माडावर दिवसांतून दोन-तीन वेळां चढतो. नारळाचा भाव श्रोत्यांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. तो नारळ उतरविणारा पाडेली कशाच्या भरंवशावर वर उभा असतो, हें मात्र थोड्यांनींच न्याहाळलें असेल.

जुनें साधन अगदींच थोडें. कमरेला कोयता अडकविण्याची आकडी, आणि पायांत काथ्याचा पिळलेला फास. केरळांत या फासाला तळप्प म्हणतात. तो दोन्ही पावलांमध्यें ताणला गेला म्हणजे तळवे खोडाला चिमट्याप्रमाणें धरतात. कोठें कोठें फासाऐवजीं खोडांतच खाचा पाडण्याची चाल आहे. त्यानें चढणें सोपें होतें, पण त्याची किंमत माड भरतो. आंब्या-फणसाची जखम सालीखालच्या नव्या वाढीनें हळूहळू झांकली जाते. माडाच्या खोडांत तसा वाढणारा थरच नसतो, म्हणून त्याची खाच जन्मभर खाचच राहते. तींत पाणी मुरतें, कूज शिरते, आणि सोंड्या भुंगा तेथें अंडीं घालतो. पाश्चात्य देशांतले धंदेवाईक वृक्षकामगार कधीं कधीं पायांना लोखंडी नखें बांधून चढतात. परंतु जें झाड राखावयाचें आहे त्यावर तीं नखें लावूं नयेत, असा त्यांच्यांतहि दंडक आहे. माडाच्या बाबतींत तर तो दुप्पट खरा.

पुढें यंत्रें आलीं. केरळांतील कण्णूर जिल्ह्यांतल्या चेंबेरी गांवचे शेतकरी एम. जे. जोसेफ यांनीं बनविलेला नमुना त्यांत विशेष प्रसिद्ध झाला. दोन लोखंडी चौकटी, प्रत्येकीला पाऊल ठेवण्यास जागा, वर धरावयास मूठ, आणि खोडाभोंवतीं पोलादी तारेचा दोर. ज्या चौकटीवर भार पडतो तिचा दोर आवळतो. भार काढून ती उचलली कीं सैल होतो. डावा पाय, मग उजवा पाय, असा माणूस जिना चढल्यासारखा वर जातो. २०११ सालीं नारळ विकास मंडळानें केरळांत ‘नारळवृक्षाचे मित्र’ या नांवानें शिक्षणवर्ग सुरू केले, तेव्हां ज्यांच्या घरांत कोणी माडावर चढलें नव्हतें अशीं माणसें, स्त्रियासुद्धां, या यंत्रावरून चढूं लागलीं. जातिवंत पाडेली मात्र त्याकडे पाहून हंसतो, आणि त्याच्या हंसण्यांत तथ्य आहे. प्रत्येक माडाला यंत्र बांधावयाचें व सोडावयाचें, तेवढ्या वेळांत तो फासावरून वर पोंचलेला असतो. शिवाय वांकड्या खोडावर यंत्र नीट बसत नाहीं. खोड वर निमुळतें होत जातें, म्हणून खालच्या जाडीला बेताचा बसविलेला दोर वर ढिला पडतो. बांधतांनाच वरच्या जाडीचा विचार करावा लागतो. पावसांत खोडावर शेवाळ धरलें कीं फास काय आणि यंत्र काय, दोहोंचाहि विश्वास कमी करावा.

पण यंत्र चांगलें कीं फास, या वादांत मुख्य गोष्ट बाजूला राहते. हीं दोन्ही साधनें माणसाला वर नेतात. काम तेथून पुढें सुरू होतें. वर पोंचलेल्या माणसाला एका हातानें घड धरावा लागतो, दुसऱ्यानें कोयता चालवावा लागतो. म्हणजे ज्या क्षणीं तो सर्वांत उंच असतो, त्याच क्षणीं त्याचे दोन्ही हात माडावरून सुटलेले असतात. तो अशा वेळीं झावळीचा आधार घेतो. आणि झावळी फसवी असते. हिरवी, मधली, भरल्या बुंध्याची झावळी माणसाला तोलते. पिवळी पडलेली, खालच्या रांगेंतली झावळी देठासकट हातांत येते. अशा रीतीनें पडलेला माणूस वांचला तरी कित्येकदां पाठीचा कणा मोडून कमरेखालीं लुळा होतो.

यासाठीं पहिली खरेदी पट्ट्याची असावी, यंत्राची नंतर. नुसता कमरपट्टा पुरेसा नाहीं. पडलेल्या माणसाला तो पोटांत आवळतो. मांड्यांखालून व खांद्यांवरून जाणारे पट्टे असावे. खोडाभोंवतीं घ्यावयाचा दोर नुसत्या कड्यासारखा सैल असेल, तर निसटलेल्या माणसाबरोबर तोहि गुळगुळीत खोडावरून खालीं येतो. भार पडतांच आवळणाराच दोर हवा. तो छातीशीं ताठ ठेवावा. दोन हात ढिला सोडलेला दोर माणसाला थांबवील खरा, पण त्या हिसक्यानें जबर इजा होऊं शकते.

कोयत्याशेजारीं दोर बांधला कीं आणखी एक धोका उभा राहतो. घडावर मारलेला घाव हुकला तर तो स्वतःच्याच दोरावर बसतो. म्हणून धारेच्या जवळ राहणाऱ्या दोराच्या पोटांत पोलादी तार असलेली बरी.

काथ्या पाण्यानें कुजतो, नायलॉन उन्हानें विरतो, आणि दोघेहि वरून धड दिसतात. रोज सकाळीं दोर हाताच्या चिमटींतून पुरा फिरवावा. जेथें तो टणक किंवा पोकळ लागेल तेथें त्याचें आयुष्य संपलें. पोलादी दोराची एकादी तार फुटून बोटाला टोंचली तरी तो दोर काढून टाकावा. ज्या दोरानें एकदां पडत्या माणसाला झेललें तो पुन्हा माडावर नेऊं नये, विहिरीवर वापरावा.

बागायतदार यंत्र हौसेनें घेतो, कारण तें त्याच्या पडवींत राहतें. पट्टा मात्र पाडेल्यानें आपला आणावा अशी त्याची अपेक्षा असते. ही वांटणी उलट केली तरी चालेल. नवा पट्टा मिळाला कीं पहिल्या दिवशीं शेंड्याकडे पाहूंच नये. जमिनीपासून दोन हात उंचीवर तो बांधावा, हात सोडून मागें रेलावें, कोठें काचतो, कोणतें बक्कल सरकतें हें पाहावें, आणि मग खालीं उतरून तो पुन्हा बांधावा.