एकदाची परात की रोजची मूठ?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी एखाद्या चांगल्या संस्थेला देणगी देतो. फोटो निघतो, चहा होतो आणि आपण समाधानाने घरी जातो. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "अशा संस्थांना आपण खरी मदत कोणती करावी, यावर तुम्ही दोन शब्द बोला." व्याख्यान देण्याची मला सवय नाही, घरखर्चाची वही लिहिण्याची मात्र आहे. तेव्हा त्या वहीच्या अंगानेच मी बोलणार आहे.

आपण ठाणे, डोंबिवली, कल्याणकडच्या बायका. आगगाडी आपल्या पाचवीला पुजलेली! १८५३ साली हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. आज भुसावळ-नाशिककडची वाट आणि सोलापूर-पुण्याकडची वाट, दोन्ही कल्याणला एक होतात. या वाटांनी माणसे पोटासाठी येतात. त्यांच्यातच घरातून निघून आलेली पोरेही असतात. कोणी बापाच्या दारूला आणि माराला कंटाळलेले, कोणी नापास झाल्याच्या धास्तीने पळालेले, तर कोणी नुसती मुंबई पाहायची म्हणून गाडीत बसलेले. दहा-बारा वर्षांचे पोर फलाटावर उतरते. पहिल्या दिवशी ते रडते, दुसऱ्या दिवशी भुकेजते, आणि मग कोणीतरी त्याला भीक मागायला किंवा चिंधीवर द्रव ओतून हुंगायला शिकवते. अशा मुलाला चांगला माणूस आधी भेटतो की वाईट, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

आपल्या ठाण्यातली समतोल फाउंडेशन ही संस्था याच मुलांसाठी काम करते. श्री. विजय जाधव यांनी ती सुरू केली. संस्थेचे कार्यकर्ते स्थानकांवर फिरतात, एकटे मूल दिसले की त्याच्याशी बोलतात, त्याचा विश्वास मिळवतात. कल्याण तालुक्यात मामणोलीला संस्थेचे मनपरिवर्तन केंद्र आहे. तिथे मुलांना ठेवून, त्यांचे मन थाऱ्यावर आणून त्यांना पुन्हा आईबापांच्या हवाली करण्याचे काम चालते. म्हणजे हे काम एकट्या मुलाचे नाही, सबंध कुटुंबाचे आहे. मोडलेला संसार सांधण्यासारखेच ते आहे, आणि ते किती चिकाटीचे असते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आता वही उघडू या. असले काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेला काय काय लागत असेल? फलाटावर फिरणाऱ्या माणसाचा पगार, त्याचा रेल्वेचा पास, फोन. मूल ठेवायचे म्हणजे दूध, तांदूळ, गहू, गॅस, साबण, औषध, विजेचे बिल. मग त्याला गावी पोचवायचे, तर जाताना दोघांचे तिकीट आणि येताना एकाचे. शिवाय कायद्याची धावपळ आहेच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे असे मूल ताब्यात घेतले की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत ते बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. आज माणूस नाही, उद्या बघू, असे तिथे चालत नाही.

आणि आपण काय देतो? कपाट, पंखा, पाण्याची टाकी. कारण त्यावर नाव घालता येते! कार्यकर्त्याच्या पगारावर कोणाचे नाव घालणार? पण फलाटावर माणूसच नसेल, तर तो पंखा कोणाच्या डोक्यावर फिरायचा? तीच गत सणांची. दिवाळीला आणि पंधरा ऑगस्टला मिठाईचे खोके एकावर एक येतात. आषाढात मात्र डाळीचा डबा तळाला जातो. सण वर्षातून चार वेळा येतात, भूक दिवसातून दोनदा लागते.

मी हे काही नवे सांगत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या त्यागाला तोड नाही. तो आठवला की डोळे भरून येतात. पण भगिनींनो, मंगळसूत्र एकदाच मोडता येते. म्हणून भाऊरावांनी मुष्टिफंड सुरू केला. बाई दळायला बसली की त्यातली मूठभर ज्वारी-बाजरी वसतिगृहासाठी बाजूला काढायची. एका मुठीने कोणाचे घर बुडाले नाही, आणि घरोघरच्या मुठींनी पोरे शिकली. देणाऱ्या बायका स्वतः शाळेत गेलेल्या नव्हत्या, तरी शाळा कशावर चालते हे त्यांना बरोबर कळले होते.

कोणी म्हणेल, हे सरकारने करावे. करावेच! पण सरकारी व्यवस्था बदलत असतात. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला. पुढे गावोगावच्या सेवाभावी संस्था तो चालवीत असत. २०२३ पासून सरकारच्या महिला व बालविकास खात्याने ते काम आपल्याकडे घेतले. नंबर तोच राहिला, चालवणारे हात बदलले. कोणी म्हणेल, कंपन्या आहेत की! २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठा नफा मिळवणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. तो पैसा मोठा असतो, पण बहुधा एखाद्या ठरावीक कामापुरता आणि ठरावीक मुदतीपुरता. मुदत संपली की संस्थेने पुन्हा दारोदार जायचे. सरकार आणि कंपनी हा पावसाचा भरवसा झाला. शेजाऱ्यांची मदत ही घरची विहीर. ती लहान असली तरी चालते, आटता कामा नये.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की आपण देणगी देणे थांबवून वाटा उचलायला लागावे. आपणा सर्वांना भिशी ठाऊक आहे. घरात कितीही ओढाताण असो, भिशीचा हप्ता चुकत नाही. का? तारीख ठरलेली असते, रक्कम ठरलेली असते आणि आपण चुकलो तर दुसरीची अडचण होते, हे मनात पक्के असते. याच भिशीत संस्थेचे एक नाव घालू या. हिशोब करून पाहा. आपण ६० जणींनी वर्षातून एकदा ५०० रुपये दिले, तर ३०,००० होतात. त्याच ६० जणींनी दरमहा ५० रुपये दिले, तर महिन्याचे ३,००० आणि वर्षाचे ३६,००० होतात. सहा हजार जास्त आले, हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा, की पुढच्या महिन्यातही पैसे येणार हे संस्थेला आधी कळते. ज्याला पुढचा महिना दिसतो तोच माणूस नेमू शकतो.

ज्या रकमेसाठी घरात कोणाची परवानगी काढावी लागत नाही आणि जी आजारपणातही जड होत नाही, तेवढीच ठरवावी. ५० जमत नसतील तर २० ठरवावे, पण चुकवू नये.

पैसे देऊन विसरूनही जाऊ नये. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे नोंदलेल्या न्यासाला आपले हिशेब तपासून घ्यावे लागतात. आपण पावती घ्यावी, वर्षाचा अहवाल मागावा, दोघी-तिघींनी विचारून जाऊन काम पाहून यावे. हिशोब विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. आपण वाण्याची वही पाहतो ती वाणी चोर म्हणून नव्हे, खाते आपले आहे म्हणून. जुने कपडे देण्याआधीही फोन करून काय हवे ते विचारावे. बोहारीण ज्याला भांडे देणार नाही, ते मुलाच्या अंगावर घालायला देऊ नये.

शेवटची मदत बिनपैशाची आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी रोज लोकलने जातात. फलाटावर एकटे, बावरलेले मूल दिसले तर हातात वडापाव देऊन पुढे जाऊ नका. त्याने त्याचा फलाटावरचा मुक्काम वाढतो. दया आली म्हणून परस्पर घरीही नेऊ नका, कायद्याने ते चालत नाही. त्याच्याजवळ थांबा, १०९८ ला फोन करा किंवा रेल्वे पोलिसांना बोलवा, आणि ते येईपर्यंत हलू नका. एखादी लोकल चुकेल. मागून दुसरी येते.

तसेच आपल्या चाळीत, आपल्या सोसायटीत निकालाच्या दिवशी एखाद्या घरातून आरडाओरडा ऐकू आला, तर दार वाजवून साखर मागायला जा. मार थांबतो, आणि पोराला कळते की आपल्या बाजूचे कोणीतरी आहे. दूर गेलेले मूल परत आणायला तिकीट लागते. जाऊ न देण्याला शेजारीण पुरते.

तेव्हा मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. येत्या महिन्याच्या भिशीपासून संस्थेचे नाव वहीत लिहावे. गल्लीगणिक एकीने रक्कम गोळा करण्याचे काम घ्यावे. आमच्या गल्लीचे काम मी घेते. आणि पुढच्या वर्धापनदिनी किती दिले यापेक्षा बारा महिन्यांपैकी किती महिने दिले, हे चिटणीसबाईंनी अहवालात वाचून दाखवावे.