व्यवस्थापनाकडून झऱ्यांकडे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



कालपासून प्रत्येक जण मला एकच विचारतोय : "सॉफ्टवेअरमधलं मॅनेजरपद सोडून हे डोंगर-पाण्याचं काय काढलंस?" बाईंनी दहा मिनिटं दिली आहेत, तेव्हा सगळ्यांना एकदाच सांगते.

आधी आपल्या टेबललँडबद्दल. वर जांभा, खाली काळा बेसाल्ट, हे आपण भूगोलाच्या तासाला शिकलो. पावसाचं पाणी जांभ्याच्या भेगांतून झिरपतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येतं. आपल्याकडच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या या झऱ्यांवर जगल्या. शेजारच्या महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी डोंगरावरच्या कितीतरी बायकांना मे महिन्यात हंडे घेऊन चालावं लागतं. पडलेला पाऊस वाहून जातो; मुरलेला तेवढा झऱ्याला येतो. आणि मुरण्याची जागा म्हणजे वरचं पठार.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. पण झऱ्याची रोजची राखण गावालाच करावी लागते. त्या कामात मी गावांना मदत करते. झऱ्याखाली बादली धरायची, भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं, दर पंधरा दिवसांनी. मग नकाशा, मग बैठक. आकडे मांडणं, चार परस्परविरोधी मागण्या ऐकून घेणं, ठरलेलं लिहून काढणं या जुन्या सवयी इथे रोज उपयोगी पडतात.

उपयोगी पडत नाही ती घाई. झरा समजायला किमान एक अख्खं वर्ष जातं. आणि 'किती झाडं लावली?' हा आकडाही इथे फसवा आहे. सड्यावर माती जेमतेम बोटभर; तिच्यात पावसाळ्यात सीतेची आसवं फुलतात. तिथे खड्डे घेऊन रोपं लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. कधीकधी काही न करणं हेच काम असतं, आणि त्याचा अहवाल लिहिणं फार अवघड!

ही वाट काही मी पाडलेली नाही. विलासराव साळुंखे पुण्यातले अभियंते आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात गेले आणि पुढे नायगावात त्यांनी पाणी पंचायत उभी केली. त्यांचं मोठेपण मला बंधाऱ्यापेक्षा नियमात दिसतं : पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशोबाने वाटायचं, भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही. यंत्र बसवणं सोपं, नियम बसवणं कठीण.

त्याचा अनुभव मी सध्या घेते आहे. एका वाडीच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याला बोअर मारायची आहे. तो म्हणतो, "ताई, जमीन माझी, कर्ज माझं, स्ट्रॉबेरी वाळली तर तुमची नोंदवही भरून देणार का?" त्याचं चुकत नाही. खालच्या वाडीतल्या बायकांचंही चुकत नाही. तीन बैठका झाल्या, तोडगा निघालेला नाही. चौथी ठरली आहे.

पैशांचंही सांगते, कारण ते कुणी उघड विचारत नाही. उत्पन्न तिसऱ्या हिश्श्यावर आलं. घराचं कर्ज फेडून, लेकीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला काढून, घरच्यांशी दोन वर्षं बोलूनच राजीनामा दिला. नवऱ्याचा पगार चालू आहे म्हणून हे जमलं. ज्यांना जमत नाही त्यांच्यात हिंमत कमी आहे, असं मी कधीच म्हणणार नाही.

म्हणून नोकरी सोडा, असं कुणालाच सांगत नाही. आपल्यात वकील आहेत, हिशोबनीस आहेत. गावांच्या पाणी समित्यांना दोघेही हवे असतात. हॉटेलवाल्यांनो, छपरावरचं पाणी गटारात न सोडता जमिनीत मुरवा. स्ट्रॉबेरीवाल्यांनो, आपल्या विहिरीची पातळी महिन्यातून एकदा लिहून ठेवा. आणि मुंबई-पुण्याहून आलेल्यांनो, पुढच्या वेळी टेबललँडवर गेलात तर खालच्या वाडीतही या, बादली धरायला माणूस लागतोच.

नोंदवह्या आणल्या आहेत. चहाच्या टेबलाजवळ ठेवल्यात, जाताना एकेक घेऊन जा.