चार दुखणी, एक रोग – मग डॉक्टर कोणता?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आरोग्याविषयी चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी काही डॉक्टरीण नव्हे. परंतु माझ्या धाकट्या जावेच्या दुखण्यात दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवताना एक गोष्ट नीट समजली. ती आपणां सर्वांच्या उपयोगाची आहे, म्हणून तेवढीच सांगते.

आपल्या अंगात रोगजंतूंशी झुंजणारी एक शक्ती असते. कधी कधी ती आपपर विसरते आणि आपल्याच शरीरावर उलटते. राखणदाराने घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तसे! अशा रोगांना ऑटोइम्यून रोग म्हणतात. आमवात, ल्युपस हे त्यांतलेच. ल्युपसच्या दहा रोग्यांत सुमारे नऊ बायका असतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येते, त्या रोगाचे नाव व्हॅस्क्युलायटिस. रक्तवाहिन्या तर नखशिखान्त पसरलेल्या. तेव्हा हा रोग कोठे डोके वर काढील याचा नेम नाही.

माझ्या जावेचे असेच झाले. नाकात खपल्या धरून रक्त येई, म्हणून नाक-कान-घशाचे डॉक्टर. मग खोकला, म्हणून छातीचे डॉक्टर. घोटे-गुडघे सुजले, म्हणून हाडांचे डॉक्टर. प्रत्येकाची फाईल निराळी, औषध निराळे. बारीक ताप आणि अशक्तपणा मात्र ‘कामाची दगदग’ म्हणून सोडून दिला गेला. पुढे पायांवर जांभळे ठिपके उठले. तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी साऱ्या फायली एकत्र मांडून वाचल्या आणि साधी लघवी तपासायला पाठविली. तीत रक्त आणि प्रथिने निघाली. मूत्रपिंडाला इजा पोचली होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता, कारण हे दुखणे बहुधा मुक्यानेच वाढते. त्यांनी तातडीने ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. रक्ताची ‘आन्का’ तपासणी आणि मूत्रपिंडाची बायॉप्सी झाली, आणि चार दुखण्यांचा एकच रोग ठरला.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला मराठीत संधिवाततज्ज्ञ म्हणतात. या नावामुळे आपली फसगत होते. सांधे दुखत नसतील तर त्यांच्याकडे कशाला जायचे, असे वाटते. वास्तविक सबंध शरीरात पसरणारे ऑटोइम्यून रोग हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. हाडे बसविणारे डॉक्टर वेगळे आणि हे वेगळे. व्हॅस्क्युलायटिसमध्ये बहुधा यांच्या हाती सूत्र असते. मूत्रपिंडाला त्रास असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट, फुप्फुसाला असेल तर छातीचे डॉक्टर, नसांना असेल तर न्यूरॉलॉजिस्ट, असे त्यांच्या जोडीला येतात. रोग एकाच ठिकाणचा असेल तर त्या त्या तज्ज्ञाकडे जावे: थायरॉइडला एंडोक्रिनॉलॉजिस्ट, सोरायसिसला त्वचेचे डॉक्टर, गव्हाने आतडे बिघडते त्या सिलिअ‍ॅकला पोटविकारतज्ज्ञ.

काही ठिकाणी मात्र वाट पाहू नये. पन्नाशीपुढच्या माणसाला कानशिलाशी नवीनच डोकेदुखी लागली, घास चावताना जबडा दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. लहान मुलाला पाच दिवस ताप, डोळे लाल, ओठ-जीभ लालभडक झाली, तर बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. तो कावासाकी रोग असू शकतो आणि त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडतात. तरुण मुलीच्या एका हाताची नाडी लागत नसेल, किंवा दोन्ही हातांच्या रक्तदाबात पुष्कळ फरक असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवावे. जपानचे नेत्रवैद्य ताकायासू यांनी 1908 साली या रोगाची माहिती प्रथम मांडली.

औषधांविषयी एकच सांगते. स्टेरॉइडचे नाव काढले की आपण घाबरतो. परंतु 1948 साली कॉर्टिझोन प्रथम आमवाताच्या रोग्याला दिले गेले, आणि 1950 साली त्या संशोधनाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने आजवर कित्येकांचे प्राण वाचले आहेत. शेजारणीच्या सांगण्यावरून ते सुरू करू नये, तसेच बरे वाटले म्हणून मनाने एकदम बंदही करू नये.

खर्चाची चिंता असेल तर सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जावे. मुंबईच्या केईएममध्ये या रोगांचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे समाजसेवा विभागातही चौकशी करावी.

भगिनींनो, घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याची तारीख आपल्याला पाठ असते. आपल्या स्वतःच्या दुखण्याची मात्र नसते. एक वही करा. काय दुखले, केव्हापासून, कोणते औषध घेतले, हे तीत लिहा. सर्व कागद एकाच फाईलमध्ये ठेवा आणि ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांच्यापुढे सारे ठेवा. आठवडे लोटले तरी ताप, थकवा हटत नसेल आणि दोन-तीन अवयव एकदम कुरकुर करीत असतील, तर सरळ विचारा: “डॉक्टर, हे सगळे मिळून एकच तर नसेल?” विचारण्यात लाज कसली?