बाई गेली, कागद तसाच राहिला
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज हंगेरीबद्दल बोलायचं ठरवलं आहे. एवढ्या लांबच्या देशाचं आपल्याला काय, असं काहीजणींच्या मनात येईल. पण गुन्हेगाराला माफी कोण देतं आणि त्या माणसाला त्या खुर्चीवर कोण बसवतं, हा प्रश्न बिल्किस बानोच्या वेळी आपल्यापुढेही आलाच होता.

मार्च २०२२ मध्ये कातालिन नोव्हाक हंगेरीच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. या पदावरच्या पहिल्या स्त्री. तिथे राष्ट्राध्यक्ष जनता निवडत नाही, संसद निवडते. नोव्हाकना १३७ मतं मिळाली, विरोधी उमेदवाराला ५१. त्याआधी त्या सरकारात कुटुंबमंत्री होत्या. बायकांनी सतत पुरुषांशी तुलना आणि स्पर्धा करत बसू नये, असा उपदेश त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये एका व्हिडिओतून केला होता. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या इस्तंबूल कराराला मान्यता द्यायची नाही, अशी भूमिका त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या पक्षाचं बहुमत असलेल्या संसदेने घेतली होती. तेव्हा बाई सर्वोच्च पदावर बसली म्हणून आनंद मानायचा की नाही, याचं उत्तर सोपं नव्हतं. आपल्याकडे २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा आपल्यातही यावर बरीच वादावादी झाली होती, ती जुन्या मैत्रिणींना आठवत असेल.

एप्रिल २०२३ मध्ये पोप हंगेरीच्या भेटीला आले. त्या निमित्ताने नोव्हाक यांनी काही कैद्यांना माफी दिली. त्यांत बिच्के गावच्या सरकारी बालगृहाचा माजी उपसंचालक होता. तिथला संचालक मुलांवर लैंगिक अत्याचार करत असे. मुलांनी तोंड उघडलं, तेव्हा दिलेली जबानी मागे घ्या म्हणून या उपसंचालकाने त्यांच्यावर दबाव आणला, आणि त्याबद्दल त्याला तीन वर्षांहून जास्त शिक्षा झाली होती. माफीची बातमी त्या वेळी लोकांपर्यंत आलीच नाही. आली ती २ फेब्रुवारी २०२४ ला, एका वृत्तस्थळामुळे. आठच दिवसांत नोव्हाक कतारचा दौरा अर्धवट टाकून परतल्या, दूरदर्शनवर माफी मागितली आणि राजीनामा दिला. त्या कागदावर न्यायमंत्री म्हणून प्रतिस्वाक्षरी करणाऱ्या यूदित व्हार्गा यांनीही त्याच दिवशी खासदारकी सोडली. सत्ताधारी पक्षातल्या सर्वांत ठळक दोन बायका एका दुपारी गेल्या. पंतप्रधान राहिले. न्याय्य व्हायचं तर हेही सांगायला हवं, की नोव्हाक यांचे मार्गदर्शक मानले जाणारे, पूर्वी मंत्री असलेले एक बिशप माफीच्या पाठीशी होते आणि त्यांनाही चर्चच्या सर्वोच्च मंडळाचं अध्यक्षपद सोडावं लागलं.

आता पद रिकामं झाल्यावर काय होतं ते पाहू. राजीनाम्याने पद रिकामं झालं की तीस दिवसांत नवी निवड व्हायला हवी, असं हंगेरीची राज्यघटना सांगते. तोवर संसदेचे सभापती काम पाहतात. उमेदवार उभा करायला एकूण खासदारांपैकी एक-पंचमांशांच्या सह्या लागतात. संसद १९९ जणांची, म्हणजे ४० सह्या. मतदान गुप्त. पहिल्या फेरीत एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतं हवीत, म्हणजे १३३. ती कुणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी, आणि तिथे ज्याला जास्त मतं तो निवडून आला.

कागदावर हे छान दिसतं. दोन-तृतीयांशाची अट असली की इतरांशी बोलावं लागेल, सर्वांना चालेल असा माणूस शोधावा लागेल. पण २०२२ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीकडे १३५ जागा आल्या होत्या. बोलायचं कुणाशी? विरोधकांकडे ४० सह्यांपुरतं बळ होतं, तरी त्यांनी उमेदवार दिला नाही. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनीच निवडावा, अशी त्यांची मागणी होती. २६ फेब्रुवारी २०२४ ला संसदेने नोव्हाक यांच्या राजीनाम्याचा विषय संपवला, स्वीडनच्या नाटो प्रवेशाला मंजुरी दिली, आणि त्याच दिवशी नवा राष्ट्राध्यक्षही निवडला. घटना न्यायालयाचे अध्यक्ष तमाश शुयोक यांना १३४ मतं पडली, विरोधात ५. म्हणजे लागत होती त्यापेक्षा एकच जास्त! ५ मार्चला त्यांनी सूत्रं हाती घेतली.

हे हंगेरीत पहिल्यांदा झालं असंही नाही. २०१२ साली पाल श्मिट यांचा डॉक्टरेटचा प्रबंध उचलेगिरीचा निघाला. २ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला, आणि बरोबर महिन्याने, २ मे रोजी, यानोश आदेर निवडून आले. तेव्हाही बहुमत त्याच पक्षाचं होतं.

नियम कुठेही मोडला गेला नाही. माझी तक्रार तीच आहे. राजीनाम्यापासून निवडणुकीपर्यंत सोळा दिवस होते. ही माफी कुणी मागितली, फाइल कुणाकुणाच्या टेबलावरून गेली, जबानी बदलायला ज्यांना भाग पाडलं त्या मुलांना कुणी विचारलं का, हे प्रश्न या निवडणुकीच्या रीतीत कुठेच बसत नव्हते. ते विचारले गेले रस्त्यावर. १६ फेब्रुवारीला बुडापेस्टच्या वीर चौकात हजारो माणसं जमली ती याच संतापाने. पंतप्रधानांनी मुलांवरच्या गुन्ह्यांत माफीच देता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती मांडली. दुरुस्ती पुढच्यांसाठी, झालेल्या माफीचा जाब त्यात कुठे आहे?

मग थेट निवडणूक हा उपाय का? मला खात्री वाटत नाही. थेट निवडणुकीत पैसा आणि पोस्टरं जास्त बोलतात, आणि तोच पक्ष तोच माणूस निवडून आणू शकतो. आपल्याकडे तर राष्ट्रपती निवडताना आमदारही मत देतात. २०२२ साली महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं. आपल्या राष्ट्रपतींनी राजीनामा दिला तर तो उपराष्ट्रपतींकडे जातो, तेच काम पाहतात, आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. तशी वेळ आजवर आलेली नाही.

माफी या गोष्टीलाच माझा विरोध नाही. फाशीविरुद्ध आपण नेहमी बोलत आलो आहोत. पण १५ ऑगस्ट २०२२ ला बिल्किसच्या अकरा गुन्हेगारांना गुजरात सरकारने सोडलं, तेव्हा तिला कुणी विचारलं होतं? ती राष्ट्रपतींची माफी नव्हती, राज्य सरकारने दिलेली शिक्षेतली सूट होती. कायद्याने दोन्ही वेगळ्या. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. कारण असं दिलं, की खटला मुंबईत चालला, म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता. म्हणजे उद्या असा अर्ज मंत्रालयात येऊ शकतो, आणि तिथे बसणाऱ्यांना तर आपणच निवडून देतो.

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की आमदारांना कोणत्या हॉटेलात ठेवलं आणि कुणाची मतं फुटली, एवढंच आपण वाचतो. या वेळी आपल्या आमदाराकडे शिष्टमंडळ घेऊन जायचं, आणि तुम्ही ज्यांना मत देणार आहात त्यांचं माफीबद्दल म्हणणं काय, असं विचारायचं. उत्तर बहुधा मिळणार नाही. ते मिळालं नाही, हेही लिहून आणायचं. प्रत्येक गटाने निदान एका आमदाराची जबाबदारी घ्यावी. नावं आज जेवणाच्या सुट्टीआधी फळ्यावर लिहू.