आधी ओळख, मग काढा

पन्हाळ्यावर आलात की तुम्ही तीन दरवाजा बघता, सज्जा कोठी बघता, गार वाऱ्यात झुणका-भाकर खाता आणि परतता. पण तीन हजार फुटांहून अधिक उंची, जांभ्याची तांबडी माती आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी इथल्या डोंगराला आणखी एक श्रीमंती दिली आहे, ती वनौषधींची.

आम्ही हौशी मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी अंगणात जमतो. रिकाम्या हातानं यायचं नाही, एवढाच नियम. कुणी गवती चहाचा ठोंब आणतं, कुणी पानओव्याची फांदी, कुणी कोरफडीचं पिल्लू. सगळं मधोमध मांडायचं आणि ओळखायचं. चहापेक्षा वादच जास्त रंगतात.

एकदा मी मोठ्या ऐटीत ‘गुळवेल’ घेऊन गेलो. एका आजींनी पानावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, ‘‘ही न्हवं बाळा. पानाला लव बघ की. ही पहाडवेल.’’ पान बदामाच्या आकाराचं दिसलं आणि मी फसलो! खऱ्या गुळवेलीचं पान गुळगुळीत असतं. जून खोडाची पातळ साल कागदासारखी सुटते. खोड आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते.

सगळे हसले, पण ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. करोनाच्या साथीत घरोघरी काढे उकळू लागले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. वनस्पतीची नीट ओळख पटवली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. वाद तज्ज्ञांचा, आपण मात्र आजींचा सल्ला ऐकावा. अनोळखी पाला पोटात घालू नये आणि वैद्यांना विचारल्याशिवाय औषध म्हणून काहीच घेऊ नये.

दुसरा नियम आम्ही नंतर केला : डोंगरावरून काही उपटून आणायचं नाही. शतावरीच्या मुळ्या औषधी, म्हणून अख्खं झुडूपच खणलं जातं. सह्याद्रीतल्या नरक्याचंही तेच. त्यातल्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून कर्करोगावरची औषधं तयार होतात, म्हणून चोरट्या तोडीनं ही झाडं ठिकठिकाणी विरळ झाली.

खरं तर उपटायची गरजच नसते. गुळवेलीचा बोटभर जाडीचा, वीतभर तुकडा पावसाच्या तोंडाला कुंडीत खोचा, फुटवा येतो. शतावरीचं बी रात्रभर भिजवून पेरा. उगवायला वेळ लागतो, धीर धरा.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. आता बुरुजाचा दगड हलवायला कुणी धजणार नाही. त्याच बुरुजाखालची शतावरीही तशीच राहावी, म्हणून आमची ही अंगणातली खटपट. माझ्या दारातली गुळवेल आता कडुनिंबावर चढली आहे. तिचा पहिला तुकडा आजींनीच दिला होता.